पुडिंग, पेलिकन आणि डॉटवरचा खटला: जुनी ऑस्ट्रेलियन बालपुस्तकं प्राथमिक वर्गात कशी वापरायची

ऑस्ट्रेलियातल्या प्राथमिक शाळांत दर ऑगस्टमध्ये बुक वीक साजरा होतो. मुलं पुस्तकांतल्या पात्रांचे वेश करून येतात आणि लायब्ररीच्या दर्शनी मांडणीत नव्या पुस्तकांच्या जोडीला ठरलेली जुनी पुस्तकं दिसतात: नॉर्मन लिंडसेचं 'द मॅजिक पुडिंग', मे गिब्जचं 'स्नगलपॉट अँड कडलपाय', एथेल टर्नरचं 'सेव्हन लिटल ऑस्ट्रेलियन्स'. आठवडा संपला की ती परत कपाटात जातात. एखाद्या उत्साही शिक्षकाने त्यातलं एक पहिल्या पानापासून वाचायला घेतलंच, तर तिसऱ्या-चौथ्या दिवशी मागची मुलं चुळबुळ करायला लागतात आणि 'आजच्या मुलांना हे झेपत नाही' असा शेरा मारून विषय मिटतो.

झेपतं. पण शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीचं पुस्तक हातात घेताना त्याच्याकडून कोणतं काम करून घ्यायचंय हे आधी ठरवावं लागतं. काही पुस्तकं ऐकायची असतात, काहींतला एकच प्रसंग उचलायचा असतो, आणि अगदी मोजकी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचण्यासारखी असतात. ऐकायचं पुस्तक मुलांच्या हातात देऊन 'दोन पानं वाचून प्रश्न सोडवा' म्हटलं की तिथेच घोळ होतो.

ऐकायचं पुस्तक

'द मॅजिक पुडिंग' १९१८ सालचं. बनिप ब्लूगम नावाचा कोआला काकांच्या लांबलचक दाढीमिशांना कंटाळून घर सोडतो. वाटेत त्याला बिल नावाचा खलाशी आणि सॅम नावाचा पेंग्विन भेटतात. त्यांच्याकडे अल्बर्ट नावाचं पुडिंग आहे. कितीही कापून खाल्लं तरी ते संपत नाही, हवं तसं चव बदलतं, चालतं, पळतं आणि सगळ्यांशी उद्धटपणे बोलतं. एक पॉसम आणि एक वॉम्बॅट (दोन्ही ऑस्ट्रेलियातले पिशवीवाले प्राणी) ते चोरायला टपलेले. प्रकरणांना प्रकरणं न म्हणता 'स्लाइस' म्हटलंय, म्हणजे पुडिंगचे तुकडे. असे चार तुकडे आहेत.

हे पुस्तक इयर ३ किंवा ४ ला, म्हणजे तिसरी-चौथीला, वाचून दाखवावं. इंग्रजी मजकूर मोठ्याने आणि नीट वाचला तर मिनिटाला १३० ते १५० शब्द होतात, म्हणजे १५ मिनिटांत दोन हजारांच्या आसपास. एक स्लाइस एका बैठकीत संपत नाही. त्यामुळे थांबायच्या जागा आदल्या दिवशी पेन्सिलीने खूण करून ठेवाव्यात, शक्यतो गाण्याच्या जरा आधी. पुस्तकात पद्यं भरपूर आहेत. वेळ वाचवायला बरेच शिक्षक नेमकी तीच गाळतात, आणि वर्ग हातचा जातो तो तिथेच. गद्यात जुने शब्द आले की मुलांचं लक्ष सुटतं. ताल धरला की तीच मुलं परत येतात. ज्या ओळी पुन्हा पुन्हा येतात त्या फळ्यावर लिहाव्यात आणि वर्गाकडून म्हणवून घ्याव्यात.

शब्दांची यादी आधी द्यायची असेल तर पाच-सहा शब्दांच्या वर जाऊ नये. वीस शब्दांचा तक्ता दिला की गोष्ट ऐकण्याऐवजी मुलं तक्त्यातला शब्द कधी येतो याची वाट पाहत बसतात.

यातल्या शिव्या मुलांना भारी आवडतात. लिंडसेची पात्रं एकमेकांना लांबलचक, फुलवलेल्या विशेषणांनी झोडपतात. त्याचा भाषेच्या तासाला छान उपयोग होतो: प्रत्येक जोडीने तीन विशेषणं आणि एक नाम घेऊन एक शिवी तयार करायची, पण ती माणसाला द्यायची नाही. न उघडणारा डबा, तुटकी पेन्सिल, पावसाळी दुपार, अशा कशाला तरी द्यायची. हा नियम आधी सांगितला नाही तर मधल्या सुट्टीत तक्रारी येतात. आणखी एक: १९१८ मधल्या विनोदात काही जमातींविषयी आज न चालणारे उल्लेख येऊ शकतात. म्हणून वाचायचा भाग आधी स्वतः पूर्ण वाचलेला हवा. वर्गासमोर वाचता वाचता अडखळून गाळलेला शब्द मुलांना सगळ्यात जास्त ऐकू येतो.

एक प्रसंग: डॉटवरचा खटला

'डॉट अँड द कांगारू' १८९९ मध्ये आलं. लेखिका एथेल पेडली आदल्या वर्षीच वारली होती. डॉट ही लहान मुलगी बुशमध्ये, म्हणजे वस्तीबाहेरच्या रानात, वाट चुकते. एक कांगारू तिला काही बोरं खायला देते आणि ती खाल्ल्यावर डॉटला प्राण्यांची भाषा कळायला लागते. कांगारूचं स्वतःचं पिल्लू हरवलेलं असतं. ती डॉटला पोटाच्या पिशवीत बसवून घराकडे न्यायला निघते. पुस्तकाची अर्पणपत्रिकाच स्पष्ट बोलते: या देशातले सुंदर प्राणी निर्दयपणे मारले जाऊन नष्ट होताहेत, त्यांच्याबद्दल मुलांच्या मनात माया निर्माण व्हावी. निसर्गरक्षणाची ही भाषा १८९९ सालची आहे, हे मुलांना आवर्जून सांगावं.

पूर्ण पुस्तक वर्गात वाचू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. मधला भाग रेंगाळतो आणि एका भागात ॲबॉरिजिनल लोकांचं, म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या मूळ रहिवाशांचं, चित्रण भीतीदायक, रानटी असं आहे. पण एक प्रसंग असा आहे की त्यावर इयर ५ चे तीन तास सहज उभे राहतात. रानातले प्राणी कोर्ट भरवतात आणि माणसांनी केलेल्या सगळ्या अत्याचारांबद्दल डॉटवर खटला चालवतात.

पहिल्या तासाला गोष्टीचा आधीचा भाग शिक्षकाने चार-पाच वाक्यांत सांगावा आणि खटल्याचा उतारा दहा-बारा मिनिटं वाचून दाखवावा. मग फळ्यावर दोन रकाने: 'डॉटने काय केलं' आणि 'माणसांनी काय केलं'. मुलं भराभर सांगत जातात, दुसरा रकाना तुडुंब भरतो आणि पहिला जवळपास कोरा राहतो. त्या कोऱ्या रकान्याकडे वर्गाला दोन मिनिटं नुसतं बघू द्यावं. समजावून सांगायची घाई करू नये. 'पण हिने तर काहीच केलं नाही' हे कोणीतरी म्हणतंच, आणि खरी चर्चा तिथून सुरू होते.

दुसऱ्या तासाला चार-पाच जणांचे गट करावेत. प्रत्येक गट एक प्राणी. साक्षीसाठी दोन गोष्टी आणायच्या: पुस्तकातलं एक वाक्य आणि लायब्ररीतून शोधलेली एक खरी घटना. लहान वर्गात मुलं इंटरनेटवर भरकटतात, त्यामुळे काही चिठ्ठ्या शिक्षकानेच तयार ठेवाव्यात. उदाहरणार्थ: ऑगस्ट १९२७ मध्ये क्वीन्सलंडने कोआलांच्या शिकारीला महिनाभर मोकळीक दिली आणि पाच लाखांहून अधिक कोआला कातडीसाठी मारले गेले. शेवटचा ज्ञात टास्मानियन टायगर (आता नामशेष झालेला पट्टेदार शिकारी प्राणी) ७ सप्टेंबर १९३६ रोजी होबार्टच्या प्राणिसंग्रहालयात मेला. फेब्रुवारी २०२२ मध्ये क्वीन्सलंड, न्यू साउथ वेल्स आणि राजधानी प्रदेशातल्या कोआलांना 'संकटग्रस्त' यादीत टाकण्यात आलं. या तिन्ही घटना पुस्तकानंतरच्या आहेत. त्या चिठ्ठ्या वेगळ्या रंगाच्या कागदावर द्याव्यात. नाहीतर पेडलीला हे सगळं माहीत होतं असा मुलांचा समज होतो आणि कालक्रम बिघडतो.

तिसऱ्या तासाला कोर्ट. प्रत्येक साक्षीदाराला एक मिनिट, बचाव पक्षाला एकच उलटप्रश्न. सहा साक्षीदार असतील तर वीस मिनिटांत उरकतं. उरलेला वेळ ज्यूरीला.

इथे दोन अडचणी हमखास येतात. पहिली म्हणजे डॉटचा वकील व्हायला कोणी तयार नसतं. चिठ्ठ्या टाकून वकील ठरवावा आणि बचाव पक्षाला तयारीला दहा मिनिटं जास्त द्यावीत. दुसरी अडचण मोठी: पाच मिनिटांत सगळा वर्ग 'माणसं वाईट' या निकालावर येऊन थांबतो. त्यासाठी ज्यूरीपुढे दोन वेगळे प्रश्न ठेवावेत. हे डॉटने केलं का? तिने केलं नसेल, तर झालेलं नुकसान भरून कोणी काढायचं? दोन्ही उत्तरं 'कारण' या शब्दासकट लिहून घ्यायची. शिवाय एक साक्षीदार मेंढपाळ शेतकरी असावा. दुष्काळात कांगारू कुरणं साफ करतात आणि शेतीवर पोट असलेल्या घरांतली मुलं वर्गात असू शकतात; त्यांचे आईवडील एकदम आरोपीच्या पिंजऱ्यात उभे राहता कामा नयेत.

गणिताला एक उपप्रश्न फुकट मिळतो. ईस्टर्न ग्रे जातीच्या कांगारू मादीचं वजन साधारण १७ ते ४० किलो असतं. पाच वर्षांच्या मुलाचं १८ किलोच्या आसपास. मग डॉट पिशवीत मावेल का?

कोआलाच्या चिठ्ठीला जोडून डोरोथी वॉलच्या 'ब्लिंकी बिल'मधलं, १९३३ सालचं, सुरुवातीचं एखादं पान वाचावं. ब्लिंकी या कोआलाच्या पिल्लाचा बाप शिकाऱ्याच्या गोळीला बळी पडतो. टीव्हीवरचा खोडकर ब्लिंकी माहीत असलेली मुलं इथे दचकतात. क्वीन्सलंडमधल्या त्या ऑगस्टला तेव्हा जेमतेम सहा वर्षं झाली होती.

ॲबॉरिजिनल लोकांचं चित्रण आलं की

हा भाग टाळता येत नाही, कारण जुन्या पुस्तकांत तो सगळीकडे आहे. कुठे हेटाळणीचे शब्द आहेत, कुठे लोक पार्श्वभूमीला झाडांसारखे उभे आहेत, आणि बऱ्याचदा ते मुळातच गायब आहेत. ऑस्ट्रेलियन राष्ट्रीय अभ्यासक्रमात ॲबॉरिजिनल आणि टॉरेस स्ट्रेट आयलंडर (टॉरेस सामुद्रधुनीतल्या बेटांवरचे मूळ रहिवासी) लोकांचा इतिहास आणि संस्कृती हा सर्व विषयांना लागू असलेला धागा आहे, तेव्हा 'तो काळच तसा होता' एवढं म्हणून पुढे जाणं पुरत नाही.

लहान वर्गांत असा भाग सरळ गाळावा आणि दोन वाक्यांत गोष्ट जोडून घ्यावी. इयर ५-६ मध्ये दहा-बारा ओळींचा उतारा मुद्दाम घेता येतो, पण वाचायचा शिक्षकाने. हेटाळणीचा शब्द मुलाच्या तोंडी देऊ नये. प्रश्न ठोस असावेत: इथे कोण बोलतंय? कोणाला बोलायला दिलेलं नाही? या माणसांना नाव आहे का? वर्गात ॲबॉरिजिनल मूल असेल तर 'तुला काय वाटतं, तू सांग' असं त्याला एकट्याला उभं करू नये, आणि डोळे विस्फारून केलेला 'कोरोबोरी' नाच (ॲबॉरिजिनल समारंभातल्या नाचाची नक्कल) तर मुळीच बसवू नये.

जुन्या पुस्तकाशेजारी दुसरा आवाज ठेवणं हा सगळ्यात उपयोगी मार्ग. मॉर्निंग्टन बेटावरच्या लार्डिल समाजातले चित्रकार डिक रफसी यांचं 'द रेनबो सर्पंट' (१९७५) लहानांना चालतं. मोठ्यांसाठी नादिया व्हीटली आणि डोना रॉलिन्स यांचं 'माय प्लेस' आहे. त्यात एकाच जागेची गोष्ट १९८८ पासून दहा-दहा वर्षं मागे जात १७८८ पर्यंत पोचते. दर दशकात तिथे राहणारं वेगळं मूल बोलतं आणि नकाशा काढतं; पहिलं मूलही ॲबॉरिजिनल, शेवटचंही. 'सेव्हन लिटल ऑस्ट्रेलियन्स' १८९४ चं आहे, म्हणजे 'माय प्लेस'मधल्या १८८८ आणि १८९८ च्या पानांमध्ये ते बसतं. दोन्ही शेजारी ठेवून मुलांना घरं, कपडे, नोकरचाकर, खाणं यांची तुलना करू द्यावी.

पूर्ण वाचायचं पुस्तक

कॉलिन थीलचं 'स्टॉर्म बॉय' (१९६३) लहानसं आहे. इयर ५-६ मध्ये दोन आठवड्यांत आरामात संपतं. दक्षिण ऑस्ट्रेलियात मरे नदीच्या मुखाजवळ कूराँग नावाचं लांबच लांब खारं सरोवर आहे. वाळूच्या टेकड्यांची एक पट्टी त्याला समुद्रापासून वेगळं करते. तिथे एक मुलगा वडिलांबरोबर झोपडीत राहतो. तो पेलिकन या मोठ्या पाणपक्ष्याची तीन अनाथ पिल्लं वाढवतो आणि त्यातलं मिस्टर पर्सिव्हल त्याला सोडून जात नाही. वादळात जहाज अडकतं तेव्हा हाच पेलिकन मासेमारीची दोरी चोचीत धरून खलाशांपर्यंत नेतो. पुढे बदकांच्या शिकाऱ्यांपैकी एक जण त्याला गोळी घालतो.

वाचायला घेण्याआधी वर्गाच्या भिंतीवर अडीच मीटरची रंगीत टेप लावावी. ऑस्ट्रेलियन पेलिकनच्या पंखांचा विस्तार साधारण एवढा असतो. मुलं टेपसमोर हात पसरून उभी राहतात, मग दोघं-दोघं मिळून माप पुरं करून बघतात. एवढा पक्षी मुलाच्या झोपडीत वावरतो, हे मग वेगळं सांगावं लागत नाही. कूराँगचा नकाशाही आधीच दाखवावा. समुद्र, वाळूची पट्टी आणि सरोवर हा क्रम डोळ्यांसमोर नसेल तर जहाजाचा प्रसंग कोणालाच कळत नाही. कूराँग ही नारिंडजेरी लोकांची भूमी. गोष्टीतला ॲबॉरिजिनल माणूस फिंगरबोन बिल मुलाला रान ओळखायला शिकवतो, पण त्याच्या माणसांबद्दल पुस्तक फारसं सांगत नाही. तेही वर्गात विचारायला हवं.

मृत्यूचं पान येणार त्या दिवसाचं वेळापत्रक नीट बघा. शुक्रवारी नको, शेवटच्या तासाला नको. वाचून झाल्यावर किमान पंधरा मिनिटं हाताशी हवीत आणि त्या वेळात लेखी काम नको. आदल्या दिवशी पालकांना दोन ओळी कळवाव्यात, म्हणजे घरात नुकतंच कोणी गेलं असेल तर शिक्षकाला आधी कळतं. हाच नियम 'सेव्हन लिटल ऑस्ट्रेलियन्स'मधल्या जुडीच्या मृत्यूला लागू. धाकट्या भावाला वाचवताना ती पडत्या झाडाखाली सापडते.

चित्रपट दोन आहेत, १९७६ चा आणि २०१९ चा. जुन्यात ॲबॉरिजिनल अभिनेते डेव्हिड गल्पिलिल फिंगरबोन बिल झाले, नव्यात फिंगरबोन बिलचे वडील. चित्रपट पुस्तकानंतरच दाखवावा, आणि तोही अख्खा नको. दोन्हींमधला एकच प्रसंग, आठ-दहा मिनिटांचा, पुरे. गल्पिलिल २०२१ मध्ये वारले. दिवंगत व्यक्तीचं चित्रण दाखवण्याआधी ॲबॉरिजिनल मुलांना आणि पालकांना तशी सूचना द्यायची ऑस्ट्रेलियात पद्धत आहे.

लहान वर्गांसाठी

मे गिब्जची गमनट बाळं म्हणजे निलगिरीच्या फळातून निघालेली पोरं. त्यांचे शत्रू बँक्सिया या ऑस्ट्रेलियन झाडाच्या केसाळ बोंडांतून आलेले दुष्ट बुवे. फाउंडेशन (पहिलीच्या आधीचं वर्ष) किंवा इयर १ ला गोष्ट वाचण्याआधी खरी फळं हातात द्यावीत. निलगिरीच्या कळीला टोपी असते. ती गळून पडते आणि तुरा उघडतो, तोच या बाळांचा झगा. वाळलेल्या बँक्सियाच्या बोंडावर ओठांसारख्या फटी दिसतात. मुलांना त्या बघून भीती का वाटते हे भिंगातून दोन मिनिटांत कळतं. महाराष्ट्रातल्या शिक्षकांनाही हे जमण्यासारखं आहे, कारण रस्त्याकडेच्या आणि सामाजिक वनीकरणातल्या निलगिरीखाली अशी फळं पडलेली असतात. बँक्सियाचं मात्र छायाचित्रच दाखवावं लागेल.

मेम फॉक्सचं 'पॉसम मॅजिक' (१९८३) नकाशाला उत्तम. अदृश्य झालेली हश, म्हणजे पॉसमचं पिल्लू, परत दिसावी म्हणून आजी तिला शहराशहरांतून माणसांचं खाणं खायला घालते: ॲडलेडला अँझॅक बिस्किटं, डार्विनला व्हेजीमाइट (यीस्टचा खारट लेप) सँडविच, पर्थला पाव्हलोवा (मेरिंगचा गोड पदार्थ), होबार्टला लॅमिंग्टन (चॉकलेट-खोबऱ्याचा केक). खाऊ प्रत्यक्ष आणायचा असेल तर आधी ॲलर्जीची यादी बघा. अँझॅक बिस्किटात अंडं नसतं पण गहू, ओट्स, लोणी आणि बहुधा खोबरं असतं. पाव्हलोवा म्हणजे अंड्याचा पांढरा भागच. गोष्टीत मिंटीज गोळ्याही येतात; त्यांचं पाकीट जिलेटिनसाठी (ते प्राण्यांपासून बनतं) वाचावं. शाकाहारी घरांतली, मराठी किंवा इतर, मुलं वर्गात असतील तर हे लागतंच.

मराठी पालक घरी यातलं काही वाचून घेत असतील तर शब्दांचा एक घोळ लक्षात ठेवावा. 'स्टेशन' म्हणजे इथे मेंढ्या-गुरांचं प्रचंड शेत. 'क्रीक' म्हणजे खाडी नव्हे, ओढा. 'डँपर' म्हणजे निखाऱ्यांवर भाजलेली जाड भाकरी-पाव. आणि १४ फेब्रुवारी १९६६ पूर्वीच्या गोष्टींत डॉलर सापडणार नाही: १२ पेन्सचा शिलिंग, २० शिलिंगांचा पाउंड.

आवृत्ती आणि हक्क

हातातली प्रत कोणती आहे हे बघितल्याशिवाय छायाप्रती काढू नयेत. जुन्या पुस्तकांच्या संक्षिप्त, सुधारलेल्या आणि नव्या चित्रांच्या आवृत्त्या बाजारात आहेत. 'सेव्हन लिटल ऑस्ट्रेलियन्स'मधला ॲबॉरिजिनल कथेचा एक उतारा नंतरच्या आवृत्त्यांतून गाळला गेला आणि १९९४ च्या शताब्दी आवृत्तीत परत आला. वर्गात पाच जणांकडे पाच आवृत्त्या असतील तर पान क्रमांकच नव्हे, मजकूरही जुळत नाही.

ऑस्ट्रेलियात १९५५ पूर्वी वारलेल्या लेखकांचं, त्यांच्या हयातीत छापलेलं लेखन हक्कमुक्त आहे, म्हणून डोरोथी वॉल (मृत्यू १९४२) मोकळी. 'डॉट'ही मोकळं. एथेल टर्नर १९५८ मध्ये वारल्या. तिथे त्यांचे हक्क २०२८ अखेरपर्यंत. भारतात मृत्यूनंतर ६० वर्षांचा नियम असल्यामुळे टर्नर इथे आधीच मोकळ्या झाल्या, लिंडसे आणि गिब्ज मात्र दोघंही १९६९ चे, म्हणजे २०२९ अखेरपर्यंत नाहीत. वर्गात वाचून दाखवायला ऑस्ट्रेलियात अडचण नसते. त्याचंच रेकॉर्डिंग करून यूट्यूबवर टाकणं ही वेगळी गोष्ट. आणि गमनट बाळांची चित्रं शाळेच्या वेबसाइटवर किंवा विक्रीच्या कॅलेंडरवर घ्यायची असतील तर परवानगी मागावीच लागते: मे गिब्जने आपल्या पुस्तकांचे हक्क अपंग मुलांसाठी काम करणाऱ्या दोन संस्थांना देऊन ठेवले आहेत.